राष्ट्राचे गाणे आणि गवयांचे ऋण

(सिद्धेश्वर, जि. हिंगोली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सिद्धेश्वरहून औंढा नागनाथ फार दूर नाही. तेथील देवळाची कथा या परिसरातील लहान मुलालाही ठाऊक असते. नामदेव देवळापुढे कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना तेथून उठविले आणि मागच्या बाजूस जावयास सांगितले. नामदेव मागे जाऊन गाऊ लागले, तेव्हा देऊळच फिरले आणि देवाने गाणाऱ्याकडे तोंड केले. इतिहासकाराने या कथेचा पुरावा मागितला तर तो देता येणार नाही. तरीही लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली, कारण तिच्या पोटात एक खरा प्रश्न आहे. गाणे कोणी गावयाचे, कोणत्या दारी उभे राहून गावयाचे, आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

पहिल्या महायुद्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या पंचवीस वर्षांत हाच प्रश्न एका नव्या देवळाच्या दारात विचारला गेला. ते देऊळ राष्ट्राचे होते. देश जागा होत होता, त्याला स्वतःची भाषा हवी होती, ध्वज हवा होता, इतिहास हवा होता आणि संगीतही हवे होते. ते संगीत घडविण्यात मराठी माणसांचा वाटा फार मोठा आहे. म्हणून त्या घडणीत जे चुकले त्याचा हिशेबही मराठी माणसांनीच मांडावयास हवा.

हिशेब हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. संगीताचा इतिहास बहुधा प्रतिभेचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि गवयाचे पोट कशावर चालत होते हे त्यात राहून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते मुख्यतः संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या आश्रयावर चालत होते. घराण्यातील चीज ही त्या कुटुंबाची मालमत्ता होती. शेतकरी जमीन जपतो तशी ती जपली जाई. काही घराण्यांत तर लग्नात मुलीबरोबर चिजा आंदण दिल्याच्या गोष्टी सांगतात. उस्ताद चीज लपवून ठेवतो असा बोल त्याला पुढे सुशिक्षितांनी लावला. पण ज्याच्यापाशी दुसरे कोणतेही भांडवल नाही, त्याने आपले एकमेव भांडवल सांभाळले, यात नवल ते काय? संस्थाने दुबळी होऊ लागली तसा नवा आश्रयदाता पुढे आला. तिकीट काढून येणारा मध्यमवर्गीय श्रोता, फी देणारा विद्यार्थी, ग्रामोफोनची तबकडी, नाटक मंडळी आणि सार्वजनिक सभा ही त्याची रूपे होत. आश्रयदाता बदलला की गाण्याचा अर्थही बदलतो. दरबारात गाणे हे राजाचे वैभव होते. सभेत ते राष्ट्राचे वैभव झाले.

या संक्रमणाचे वर्ष म्हणून १९१६ कडे बोट दाखविता येईल. त्या वर्षी मार्च महिन्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागची प्रेरणा पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची. मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेल्या या वकिलाने वकिली सोडून उभे आयुष्य संगीतशास्त्राला वाहिले. गावोगावचे ग्रंथसंग्रह धुंडाळले, उस्तादांच्या घरी जाऊन चिजा मिळविल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली, आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा चार भागांचा ग्रंथ आपल्या मायबोलीत, मराठीत लिहिला. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत दीड हजारांहून अधिक चिजा त्यांनी स्वरलिपीत बांधून ठेवल्या. त्यांच्याच प्रयत्नांतून १९२६ मध्ये लखनौस मॅरिस कॉलेज उभे राहिले. भातखंड्यांच्या मनात धर्माचा अभिनिवेश नव्हता. हिंदू असो वा मुसलमान, साऱ्या देशाला एकच शास्त्रशुद्ध संगीत मिळावे, ते कोणाही मुलाला शाळेत शिकता यावे, हे त्यांचे स्वप्न होते. ज्ञान मूठभरांच्या कुलुपातून सोडवून सर्वांच्या हाती देण्याचा हा विचार लोकशाहीचाच होता.

परंतु या व्यवहाराची जमा आणि नावे अशी दोन्ही पाने वाचली पाहिजेत. ज्या चिजा पुस्तकांत आल्या त्यांतील फार मोठा भाग मुसलमान उस्तादांच्या घरांतून आला. रामपूरच्या दरबारातील वझीर खाँ, जयपूरचे महंमद अली खाँ यांच्यासारख्यांनी तो दिला. पुस्तक झाल्यावर चीज राष्ट्राची झाली, आणि तसे होणे योग्यही होते. मात्र ज्याच्याकडून ती आली तो ‘अशिक्षित गवई’ म्हणूनच उरला. त्याला शास्त्र येत नाही, त्याला संस्कृत ग्रंथ ठाऊक नाहीत, म्हणून आता शास्त्र जाणणाऱ्याने त्याला शिकवावे, असा सूर सुशिक्षित समाजात उमटू लागला. एखाद्या कुळाची जमीन सार्वजनिक हितासाठी घ्यावी आणि मोबदल्याच्या जागी त्याला शेतीचे अज्ञान ऐकवावे, अशातलाच हा प्रकार. भातखंड्यांचा हेतू याहून कितीतरी उदार होता. पण सामाजिक व्यवहाराचे परिणाम एका माणसाच्या हेतूवर ठरत नसतात.

त्याच १९१६ सालच्या अखेरीस गंधर्व नाटक मंडळीने ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. भास्करबुवांनी विद्या घेतली ती फैज महंमद खाँ, नथ्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या तीन मुसलमान गुरूंकडून. म्हणजे महाराष्ट्राच्या घराघरांत रुक्मिणीची जी पदे गुणगुणली गेली, त्यांचे स्वर तीन मुसलमान घरांच्या ओसरीवरून आले होते. पाच वर्षांनी, जुलै १९२१ मध्ये, बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केले. नाट्यसंगीत आता स्वराज्याच्या थैलीत भर घालीत होते. त्या थैलीत अल्लादिया खाँसाहेबांसारख्यांच्या रियाजाचाही पैसा होता, याची नोंद मात्र कोणत्याही पावतीवर झाली नाही.

ही केवळ आपल्या देशाची गोष्ट नव्हे. फ्रान्समध्येही १९१६ हेच वर्ष गाजले. जर्मनीशी युद्ध पेटलेले असताना पॅरिसमध्ये फ्रेंच संगीताच्या रक्षणासाठी एक राष्ट्रीय संघ निघाला. हयात किंवा नुकत्याच वारलेल्या जर्मन-ऑस्ट्रियन रचनाकारांच्या कृती फ्रान्समध्ये वाजवू नयेत, असा त्याचा आग्रह होता. मोरीस राव्हेल हा श्रेष्ठ रचनाकार त्या वेळी सैन्यात मोटारचालक म्हणून आघाडीवर होता. त्याला संघात सामील होण्याचे निमंत्रण आले आणि त्याने ते नाकारले. परक्या सहकलावंतांच्या कृती ऐकायच्याच नाहीत असे ठरविले तर फ्रेंच संगीत एका कोंडाळ्यात अडकेल, आणि शोनबर्ग ऑस्ट्रियन आहे म्हणून त्याच्या संगीताची किंमत कमी होत नाही, असे त्याचे म्हणणे. देशासाठी प्राण धोक्यात घालणारा माणूस हे म्हणत होता. देशप्रेम आणि कोतेपणा या दोन वस्तू वेगळ्या आहेत हे सिद्ध करण्यास याहून मोठी साक्ष कोणती हवी? त्याच देशात व्हँसां द’अँदीसारखे रचनाकार आणि शिक्षक फ्रेंच संगीताचे मूळ कॅथलिक धर्मसंगीतात शोधीत होते, आणि ज्यूंना त्या परंपरेबाहेरचे मानीत होते. द’अँदी १९३१ मध्ये वारले. त्यांच्या विचारांचे काय झाले ते पुढे पाहू.

आपल्याकडे धर्म आणि संगीत यांची गाठ अधिक प्रेमळ हातांनी बांधली गेली. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. लहानपणी दारूकामाच्या अपघाताने त्यांची दृष्टी अधू झाली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी विद्या घेतली. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी गवयाला समाजात मान मिळवून दिला. घरंदाज मुलामुलींनी गाणे शिकावे यासाठी त्यांनी गाण्याला भक्तीचे वस्त्र नेसविले. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते ‘वंदे मातरम्’ गात. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात राहिले, आश्रमाची भजनावली त्यांनी सिद्ध केली आणि दांडीयात्रेत ते गांधीजींबरोबर चालले. स्वातंत्र्याच्या चळवळीला पलुस्करांनी दिलेला स्वर अमोल आहे.

पण १९२३ साली काकिनाडा अधिवेशनात एक प्रसंग घडला. अध्यक्ष होते मौलाना महंमद अली. आपल्या धर्मात संगीत निषिद्ध आहे, असे सांगून त्यांनी गायनाला आक्षेप घेतला. हे राष्ट्रसभेचे व्यासपीठ आहे, एका पंथाचे प्रार्थनास्थळ नव्हे, अशी भूमिका घेऊन पलुस्करांनी गीत पूर्ण गाइले. हा प्रसंग सहसा पलुस्करांच्या बाणेदारपणाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो, आणि तो बाणेदारपणा खराच होता. राष्ट्रसभेच्या अध्यक्षाने आपल्या धर्माचा निर्बंध साऱ्या सभेवर लादावा हे चूकच होते. आणि ज्या उस्तादांनी हिंदुस्थानी संगीत पिढ्यान्‌पिढ्या वाढविले ते पाच वेळा नमाज पढणारे मुसलमानच होते, हे मौलानांनाही ठाऊक असावयास हवे होते. परंतु पलुस्करांच्या उत्तरातून आणखी एक प्रश्न निघतो. व्यासपीठ कोणा एका पंथाचे नसेल, तर त्यावरील गीतही सर्वांना आपले वाटेल असे आहे काय? हा प्रश्न काकिनाड्यास कोणी विचारला नाही. चौदा वर्षांनी तो विचारावाच लागला, पण तोवर पुष्कळ कडवटपणा साचला होता.

भक्तीच्या मार्गावरचा दुसरा अडथळा परधर्मीयांचा नव्हता. तो घरातलाच होता. मार्च १९३० मध्ये गांधीजी दांडीकडे निघाले. पलुस्करांच्या चालीवरील रामधून त्या यात्रेत देशाच्या कानी गेली. पलुस्करांचा रामनाम आश्रम नाशिकला होता. त्याच नाशकात, त्याच मार्च महिन्याच्या २ तारखेस, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि मंदिराचे दरवाजे अस्पृश्यांसमोर बंद करण्यात आले. एकीकडे रामाचे नाव साऱ्या राष्ट्राला एकत्र आणीत होते. दुसरीकडे त्याच रामाचे दार राष्ट्रातील लक्षावधी माणसांना मिटले होते. ज्यांना दार मिटले त्यांनी आपले गाणे स्वतः उभे केले. सत्यशोधकी जलशांची परंपरा होतीच. तीस सालानंतर भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. संगीत परिषदांच्या अहवालांत या जलशांना स्थान मिळाले नाही. राष्ट्रीय संगीताची व्याख्या करणाऱ्यांच्या कानावर राष्ट्राचा एवढा मोठा आवाज पडलाच नाही.

मग दुसरी वाट नव्हती काय? होती, आणि ती मिरजेतच होती. कैराण्याहून आलेले अब्दुल करीम खाँ १९१३ मध्ये पुण्यात एक विद्यालय काढतात आणि त्याचे नाव ठेवतात ‘आर्य संगीत विद्यालय’. विद्यार्थ्यांना घरच्यासारखे सांभाळून ते शिकवितात. त्यांचे पट्टशिष्य सवाई गंधर्व. सवाई गंधर्वांचे शिष्य गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी. खाँसाहेबांची कन्या हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या मराठी स्त्रियांपैकी एक. खाँसाहेब मराठी पदे गात, संतांची भजने गात, कर्नाटक संगीतातील सरगम त्यांनी आपल्या गायकीत मुरविली. ऑक्टोबर १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना एका लहानशा रेल्वे स्थानकावर त्यांना मृत्यू आला. त्यांना मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. त्या दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ जे गायन होते त्यात हिंदू आणि मुसलमान कलावंत हजेरी लावतात. या माणसाने राष्ट्रीय ऐक्यावर भाषण केले नाही. त्याच्या घरात ते ऐक्य रोज पहाटे तंबोऱ्यावर जुळत होते.

खाँसाहेब गेले त्याच ऑक्टोबर महिन्यात कलकत्त्यास काँग्रेस कार्यकारिणीने ‘वंदे मातरम्’विषयी निर्णय घेतला. गीताच्या पहिल्या दोन कडव्यांत भूमीचे वर्णन आहे. पुढील कडव्यांत तीच माता देवीच्या रूपाने येते, आणि एकेश्वरवादी माणसाला ते म्हणणे कठीण जाते. रवींद्रनाथ ठाकुरांचा सल्ला घेतला गेला. राष्ट्रीय सभांतून पहिली दोन कडवीच म्हणावीत, आणि संयोजकांना अन्य निर्दोष गीत म्हणण्याचीही मोकळीक असावी, असा ठराव झाला. या ठरावाला तुष्टीकरण म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. वस्तुतः राष्ट्राने आपल्या एका अपत्याची अडचण ऐकून घेतली, एवढाच त्याचा अर्थ होता.

त्यानंतर एकाच वर्षाने हा विषय आपल्या मराठवाड्याच्या दारात आला, आणि आला तो अगदी उलट्या रूपाने. हिंगोली, परभणी, नांदेड हा सारा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. प्रजा बहुसंख्येने तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी. उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम मात्र उर्दू. गश्ती निशाण ५३ या फर्मानामुळे परवानगीवाचून सभा घेणेही दुरापास्त होते. सप्टेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. नोव्हेंबरात औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या वसतिगृहांतील विद्यार्थी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी त्यावर बंदी घातली. विद्यार्थ्यांनी संप केला. शेकडो विद्यार्थ्यांना विद्यापीठाचे दार बंद झाले. नागपूर विद्यापीठाने त्यांपैकी अनेकांना आसरा दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याला जे तरुण कार्यकर्ते मिळाले त्यांतील कितीतरी जण या संपाने घडविले.

या दोन घटना शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे त्यांचे मर्म कळते. गीत तेच. कलकत्त्यास प्रश्न होता तो हे गीत कोणावर लादले जाऊ नये हा. हैदराबादेस प्रश्न होता तो हे गीत गाणाऱ्याचे तोंड कोणी दाबू नये हा. जो माणूस दोन्ही ठिकाणी एकाच तत्त्वाने उभा राहील तोच स्वातंत्र्याचा खरा पुरस्कर्ता. कलकत्त्याचा ठराव मान्य करून औरंगाबादच्या विद्यार्थ्यांकडे पाठ फिरविणारा अर्धाच उदार. औरंगाबादच्या विद्यार्थ्यांचे पोवाडे गाऊन दुसऱ्याला बळेच गावयास लावणारा तर निजामाच्या अधिकाऱ्याचाच वारस. सक्ती आणि बंदी ही एकाच सत्तेची दोन हत्यारे आहेत.

राष्ट्रीय संगीताला धर्माची आणि वंशाची कसोटी लावली की शेवट कोठे होतो हे फ्रान्सने पाहिले. जर्मनीपुढे शरणागती पत्करल्यानंतर व्हिशी सरकारने ऑक्टोबर १९४० मध्ये ज्यूविरोधी कायदा केला. पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयातून ज्यू शिक्षकांना, आणि मागोमाग विद्यार्थ्यांनाही, बाहेर काढण्यात आले. १९३६ मध्ये आघाडी सरकारच्या काळात रोमाँ रोलाँच्या नाटकासाठी ज्या रचनाकारांनी मिळून संगीत दिले, त्यांतील एक दारियस मियो. तो ज्यू होता. १९४० मध्ये देश सोडून त्याला अमेरिकेस जावे लागले. फ्रेंच संगीत वाचवावयास निघालेल्यांच्या विचारांचे पीक फ्रेंच संगीतकारांनाच देशोधडीस लावून गेले.

भारताने निराळी निवड केली. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत डॉ. राजेंद्रप्रसादांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत म्हणून जाहीर केले आणि ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान दिला. १९८६ मध्ये केरळमधील तीन मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत न गाणारा, पण आदराने उभा राहणारा विद्यार्थी राष्ट्रगीताचा अपमान करीत नाही. गाण्याचे स्वातंत्र्य आणि मौनाचे स्वातंत्र्य ही दोन्ही अशी रीतसर मान्य झाली. तरीही ‘वंदे मातरम्’च्या रचनेला दीडशे वर्षे झाली त्या २०२५ साली १९३७ च्या ठरावावर पुन्हा वाद माजलाच.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. एवढी नाजूक मने जपत बसलो तर राष्ट्र उभे कसे राहील? त्याचे उत्तर संगीतच देते. तंबोऱ्याच्या चार तारा एकाच स्वरात लावलेल्या नसतात. जोडीच्या दोन तारा षड्ज धरतात, पहिली पंचमात असते, खर्ज खाली राहतो. चारी तारा एकाच स्वरात ओढल्या तर तंबोरा वाजणार नाही, एखादी तार मात्र तुटेल. राष्ट्रही असेच जुळवावे लागते.

आणि जुळवावयाचे म्हणजे काय, हे मोघम ठेवता कामा नये. शाळेच्या पुस्तकात चीज छापताना ती कोणाच्या घरातून आली ते नाव छापावे. पलुस्कर आणि भातखंडे यांच्या तसबिरी लावणाऱ्या संगीतवर्गाने अब्दुल करीम खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याही लावाव्यात. आंबेडकरी जलसा हा महाराष्ट्राच्या संगीताच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून शिकवावा. गाणाऱ्याला कोणी थांबवू नये आणि न गाणाऱ्याच्या निष्ठेची झडती घेऊ नये. यांतील एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. लागते ते एवढेच की घेतलेले कर्ज कर्ज म्हणून मान्य करावे.

हिंगोलीजवळच्या नरसीला नामदेवांची जन्मभूमी मानतात. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात रागवार घातलेली आहेत, आणि नांदेडच्या गुरुद्वारात ती गाइली जातात. एका शिंप्याची वाणी दुसऱ्या धर्माच्या पवित्र ग्रंथात जाऊन बसली, आणि तेथे कोणी तिला मागच्या दाराने यावयास सांगितले नाही. ज्या मुलखात हे घडले, त्या मुलखातील माणसांना राष्ट्राचे गाणे कसे असावे हे बाहेरून कोणी शिकविण्याची गरज नाही. औंढ्याचे देऊळ गाणाऱ्याकडे फिरले, असे आपण मुलांना सांगतो. आपले राष्ट्रही गाणाऱ्याकडे फिरेल, एवढी जबाबदारी ती कथा सांगणाऱ्यांवर आहे.